आकाशातील शीव : बारामती-इंदापूरच्या माथ्यावरच्या हजार फुटांचा इतिहास

इंदापूर म्हटले की मालोजीराजांची गढी आठवते. बारामती म्हटली की मोरोपंत आणि कऱ्हेचा काठ. या दोन तालुक्यांच्या जमिनीचा इतिहास बखरींत आहे, दप्तरांत आहे, इनामपत्रांत आहे. त्याच जमिनीच्या दहा-अकरा किलोमीटर वर मात्र आणखी एक मुलूख आहे. त्यालाही शीव आहे, वहिवाट आहे, करारपत्रे आहेत. शिवेवरच्या भांडणांतून त्याचे कायदे घडले आहेत, आणि ती भांडणे माणसांच्या प्राणांवर बेतलेली आहेत. हा धागा त्या मुलखाविषयी.

आधी भूगोल पाहू. मुंबई विमानतळापासून बारामती सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर, इंदापूर सुमारे २५०. मोठ्या प्रवासी विमानाला उतरण्यासाठी दर हजार फुटांमागे साधारण तीन सागरी मैल लागतात, असा वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे. ३६,००० फुटांवरून खाली यायचे तर १०८ सागरी मैल, म्हणजे बरोबर २०० किलोमीटर. याचा अर्थ असा की हैदराबादकडून मुंबईस येणारे विमान आपली उंची सोडू लागते ते बारामतीच्या आसपासच्या रेखांशावर. मुंबईहून हैदराबाद, चेन्नईकडे निघालेली विमाने आपली अंतिम उंची गाठत असतात तीही याच पट्ट्यात. एक उतरू लागलेले, दुसरे चढत असलेले, दोघांचा वेग ताशी आठशे किलोमीटरच्या घरात. भिगवणला पक्षी पाहायला आलेल्या माणसाला वर दिसतात ते केवळ दोन पांढरे ओरखडे.

ते ओरखडे एकमेकांना छेदतात, विमाने छेदत नाहीत. हे कोण ठरवते?

उत्तर सोपे वाटते : जमिनीवरचे नियंत्रक. परंतु एकच नियंत्रक सारे आकाश पाहत नाही. भारताचे आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार मुख्य उड्डाण माहिती प्रदेशांत विभागलेले आहे. बारामती-इंदापूर मुंबईच्या प्रदेशात येतात. हैदराबाद मात्र चेन्नईच्या प्रदेशात. प्रत्येक प्रदेशाचे पुन्हा सेक्टर पडतात : काही नकाशावर शेजारी-शेजारी, काही एकमेकांच्या डोक्यावर, इमारतीच्या मजल्यांसारखे. दर सेक्टरला वेगळी रेडिओ कंप्रता आणि वेगळा नियंत्रक. त्यामुळे तासाभराच्या प्रवासातही एक विमान अनेक हातांतून जाते, आणि प्रश्न कोणत्याही एका हातापेक्षा दोन हातांमधल्या जागेचा अधिक असतो.

नीरा डाव्या कालव्याखाली शेती करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोदलेला हा कालवा बारामतीतून इंदापूरकडे जातो. त्याचे पाणी पाळीने मिळते. वरच्याने आपले दार वेळेवर लावले नाही, किंवा लावल्याचा निरोप खाली पोहोचला नाही, तर खालच्याची पाळी हुकते. पाणी तेच, कालवाही तोच. चुकतो तो निरोप. फरक एवढाच की आकाशात पाळी हुकली तर पुढच्या आवर्तनाची वाट पाहता येत नाही.

आता थोडे मागे जाऊ. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समध्ये लंडन-पॅरिस मार्गावरची दोन विमाने धुक्यात समोरासमोर धडकली. सातही जण दगावले. प्रवासी विमानसेवेच्या इतिहासातली ही हवेतली पहिली टक्कर मानली जाते. दोन्ही वैमानिक खालच्या एकाच रस्त्याचा माग धरून चालले होते, एक इकडून, दुसरा तिकडून. त्या काळी विमान चालवणे म्हणजे रस्ता, नदी किंवा रेल्वेचा रूळ पाहत जाणे. जे जमिनीवर एकाच वाटेने येतात, ते आकाशातही एकाच वाटेवर येणार, हे कोणाच्या ध्यानात यायला सात जीव जावे लागले.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपालाचे विमान आणले, आणि पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. विमानात रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सारा बाडबिस्तरा पुण्यास येरवड्याला हलवावा लागे. येरवड्याहून बळ्ळारीकडे सरळ रेघ काढली तर ती बारामतीच्या थोडी पश्चिमेकडून जाते. त्या आकाशात त्या वेळी टक्कर होण्याजोगे दुसरे विमानच नव्हते. एकटेपणा हीच तेव्हाची सुरक्षा होती.

अमेरिकेत ही सुरक्षा लवकर संपली. डिसेंबर १९३५ मध्ये नेवार्क येथे काही विमान कंपन्यांनी मिळून एक खोली थाटली. भिंतीवर फळा, टेबलावर नकाशा, नकाशावर पितळी होडीसारखे ठोकळे. एक ठोकळा म्हणजे एक विमान. तो हाताने पुढे सरकवत न्यायचा. वैमानिकाशी थेट बोलण्याची सोय नव्हती. कंपनीच्या कचेरीला दूरध्वनी करायचा आणि तिने वैमानिकाला कळवायचे. पुढच्या वर्षी शिकागो आणि क्लीव्हलँड येथे अशाच खोल्या उभ्या राहिल्या, आणि त्याच क्षणी आजच्या प्रश्नाचा जन्म झाला. नेवार्कच्या टेबलाची कड संपली की विमान नाहीसे होत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या टेबलावर जाते. तेथे ते कोणत्या उंचीवर येणार हे आधी सांगायला हवे, आणि समोरच्याने ऐकले आहे याची खात्रीही करायला हवी.

उंची हा शब्द आपण सहज वापरतो, पण विमानातील उंची ही फुटपट्टीने मोजलेली नसते. ती हवेच्या दाबावरून काढलेली असते. पास्कालच्या सांगण्यावरून १६४८ मध्ये फ्रान्समधल्या प्युई द डोम या डोंगरावर पाऱ्याची नळी चढवली गेली. वर जाताना पारा खाली उतरला. आजच्या उंचीमापकाचे मूळ तत्त्व तेच. परंतु दाब हवामानाप्रमाणे बदलतो. ऐन पावसाळ्यात दख्खनवरचा दाब खाली येतो, आणि एका हेक्टोपास्कलचा फरक सुमारे सत्तावीस फुटांची चूक करतो. दहा हेक्टोपास्कलांची चूक म्हणजे पावणेतीनशे फूट.

यावरचा तोडगा मोठा मजेदार आहे. ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर खरा दाब किती हे सगळ्यांनी विसरून जायचे, आणि साऱ्या जगातल्या साऱ्या विमानांनी आपापल्या उंचीमापकावर एकच आकडा लावायचा : १०१३.२५ हेक्टोपास्कल. उंची खरी येणार नाही. मात्र सर्वांची चूक सारखीच असेल, आणि टक्कर टाळायला तेवढे पुरते. या मानीव उंचीला फ्लाइट लेव्हल म्हणतात. ३६,००० फुटांची फ्लाइट लेव्हल ३६०. खाली, धावपट्टीजवळ, हा मानीव आकडा चालत नाही. बारामतीची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर, म्हणजे अठराशे फुटांवर आहे. उंचीमापक पाच हजार दाखवीत असेल तर उसाचे फड प्रत्यक्षात तीन हजार दोनशे फूट खाली असतात. तेथे स्थानिक दाब लावल्यावाचून गत्यंतर नाही.

या मजल्यांची वाटणी दिशेवरून होते. पूर्वेकडे जाणाऱ्यांस विषम लेव्हल, पश्चिमेकडे जाणाऱ्यांस सम. मुंबईहून हैदराबादला निघालेले विमान ३५० किंवा ३७० वर, हैदराबादहून येणारे ३४० किंवा ३६० वर. दोघे समोरासमोर आले तरी मध्ये हजार फूट. सरळ चालणाऱ्यांसाठी ही व्यवस्था नामी आहे. अडचण चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची. ३७० गाठायचे असेल त्याला ३६० ओलांडावेच लागते, आणि मुंबईच्या वाटेवर हे ओलांडणे घडते ते बहुधा याच दोन तालुक्यांच्या टापूत.

अशा विमानाचे हस्तांतर कसे होते ते पाहण्याजोगे आहे. समजा, हैदराबादहून निघालेले विमान मुंबईच्या प्रदेशाच्या शिवेकडे येत आहे. ते शिवेवर किती वाजता आणि कोणत्या लेव्हलवर पोहोचेल, हे अलीकडचा नियंत्रक पलीकडच्यास आगाऊ कळवतो. पूर्वी हे फक्त हॉटलाइनवर बोलून होई आणि कागदाच्या अरुंद पट्टीवर लिहिले जाई. आता पुष्कळसे संगणक परस्पर कळवतात. पलीकडचा ती लेव्हल मान्य करतो, किंवा त्याच्याकडे त्या लेव्हलवर आधीच कोणी असेल तर दुसरी मागतो. नेहमीच्या मार्गांसाठी दोन केंद्रांत लेखी करारपत्रे असतात : अमुक ठिकाणी येणारी विमाने अमुक उंचीवरच द्यावीत. करारात बसते ते बोलल्यावाचून चालते. करारात न बसणाऱ्या प्रत्येक फुटासाठी दूरध्वनी उचलावा लागतो.

त्यानंतर विमानास नवी कंप्रता दिली जाते. येथे एक बारकावा आहे, आणि या विषयाचे सारे मर्म त्यातच आहे. वैमानिक नव्या नियंत्रकाशी बोलू लागतो तेव्हा विमान बहुधा अजून जुन्याच सेक्टरमध्ये असते. आवाज एका खोलीत गेलेला, जबाबदारी दुसऱ्या खोलीत राहिलेली. या काही मिनिटांत नव्या नियंत्रकाने ‘उतरा’ म्हटले आणि जुन्या सेक्टरमध्ये खाली कोणी असले तर? म्हणून नियम असा की शीव ओलांडेपर्यंत नव्याने उंची बदलायची नाही. बदलायची तर जुन्याकडून तशी मोकळीक मागून घ्यायची. मोकळीक म्हणजे एक-दोन शब्दांचे बोलणे. कामाच्या गर्दीत राहून जाते ते नेमके हे एक-दोन शब्दांचे बोलणे.

राहून गेल्यास काय होते, याचे उदाहरण तत्कालीन युगोस्लाव्हियात घडले. १० सप्टेंबर १९७६. झाग्रेबच्या वरचे आकाश तीन मजल्यांत वाटलेले होते : २५,००० फुटांपर्यंत खालचा सेक्टर, ३१,००० पर्यंत मधला, त्यावर वरचा. लंडनहून इस्तंबूलला निघालेले ब्रिटिश एअरवेजचे ट्रायडेंट विमान ३३० लेव्हलवर, वरच्या मजल्यात, सरळ चालले होते. स्प्लिटहून कोलोनला निघालेले इनेक्स-आद्रिया कंपनीचे डीसी-९ मधल्या मजल्यातून चढत होते. त्याला ३५० हवी होती. म्हणजे ३३० ओलांडणे आले.

वरच्या सेक्टरमध्ये दोन माणसांचे काम असे. पाळी बदलण्याची वेळ होती, बदली नियंत्रक उशिरा येत होता, आणि त्याला शोधायला जोडीदार बाहेर गेलेला. खुर्चीवर ग्रादिमिर तासिच एकटा. मधल्या सेक्टरकडून विमान वर पाठवण्याविषयी विचारणा झाली ती याच गडबडीत. हातवाऱ्यांनी, घाईच्या शब्दांनी संमती झाली असे एका बाजूने मानले. तिचा नीट बोध दुसऱ्या बाजूस झाला नाही. त्यातच मधल्या सेक्टरने विमानास ट्रान्सपॉन्डर स्टँडबायवर ठेवून वरच्या सेक्टरशी बोलण्यास सांगितले. त्यामुळे वरच्या पडद्यावर त्या विमानाची ओळख आणि उंची उमटेना.

डीसी-९ च्या वैमानिकाने तासिचला साद घातली तेव्हा विमान ३२,७०० फुटांच्या आसपास पोहोचले होते. तासिचला धोका उमगला. घाईने तो इंग्रजी सोडून मातृभाषेत बोलला : आहात त्याच उंचीवर थांबा. त्याच्या पडद्यावर ट्रायडेंट ३३,५०० वर दिसत होते, प्रत्यक्षात ते ३३,००० वर होते. वैमानिकाने आज्ञा पाळली, चढ थांबवला, आणि विमान स्थिरावले ते नेमके ३३,००० वर. चढ चालूच राहिला असता तर कदाचित ते निसटलेही असते. १७६ माणसे गेली. दोन्ही विमानांत मिळून कोणीही वाचले नाही.

आज्ञा सर्बो-क्रोएशियन भाषेत दिलेली असल्याने ट्रायडेंटच्या इंग्रज वैमानिकांना तिचा अर्थ कळण्याची शक्यताच नव्हती, ही गोष्टही येथे नोंदवायला हवी.

खटला आठ नियंत्रकांवर चालला. शिक्षा एकट्या तासिचला झाली : सात वर्षे. जगभरच्या नियंत्रकांनी निषेध केला, अर्ज केले. शिक्षा निम्मी झाली आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये तो सुटला. न्यायालयाला एक नाव हवे होते आणि ते मिळाले. परंतु घटनाक्रम पाहिला तर दोष कोणत्याही एका खुर्चीवर बसवता येत नाही. रिकामी दुसरी खुर्ची, उशिरा आलेला बदली माणूस, हातवाऱ्यावर उरकलेली संमती, बंद ट्रान्सपॉन्डर. हे सारे दोन सेक्टरांच्या मधल्या जागेत घडले, आणि मधल्या जागेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही. शिक्षा झाली ती साखळीच्या शेवटच्या कडीला. अपघातांच्या इतिहासात हे वारंवार दिसते आणि दर वेळी तितकेच अन्यायाचे वाटते.

भारताची वेळ वीस वर्षांनी आली. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे इल्यूशिन-७६ हरयाणातल्या चरखी दादरीच्या वर धडकले. ३४९ मृत्यू. हवेतल्या टकरींत जगात आजवर इतके बळी दुसऱ्या कोणत्याही घटनेत गेलेले नाहीत. येथे दोन सेक्टरांचा प्रश्न नव्हता. दोन्ही विमाने एकाच नियंत्रकाकडे होती, आणि त्याने दिलेल्या उंचीही बरोबर होत्या : चढणाऱ्याला १४,०००, उतरणाऱ्याला १५,०००. मध्ये हजार फूट. कझाक विमान आपल्या १५,००० वर थांबले नाही, ते खाली उतरत गेले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने दोष मुख्यतः त्याच्या चालकदलाकडे दिला.

तरीही या घटनेत आकाशाच्या वाटणीचा मोठा वाटा होता. दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश वायुदलाकडे असल्याने येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच अरुंद वाट उरली होती. नियंत्रकापुढच्या रडारवर विमान कोठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. उंची कळे ती वैमानिकाने सांगितली तरच. म्हणजे ‘मी १५,००० वर आहे’ या शब्दांवर विश्वास ठेवण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते. या अपघातानंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारे रडार आले, आणि टक्कर टाळणारे टीकास यंत्र भारतात येणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचे झाले. हे यंत्र जमिनीवरच्या कोणालाही न विचारता दोन विमानांना परस्पर सांगते : तू वर जा, तू खाली ये.

यंत्र आले म्हणून माणसांचा निरोप मात्र गौण झाला नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगनवर, झ्युरिकच्या ताब्यातील आकाशात, दोन विमाने ३६० लेव्हलवर एकमेकांकडे येत होती. झ्युरिकमध्ये रात्रपाळीचा एक नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्राच्या पडद्यावर धोका दिसला होता. तेथील माणूस पुन्हापुन्हा दूरध्वनी लावत राहिला; झ्युरिकची मुख्य वाहिनी दुरुस्तीसाठी बंद होती. शेवटच्या क्षणी नियंत्रकाने रशियन विमानाला खाली यायला सांगितले आणि त्याच वेळी यंत्राने वर जायला. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. ७१ मृत्यू, त्यांत बहुतेक शाळकरी मुले. कुटुंब गमावलेल्या एका बापाने पुढे २००४ मध्ये त्या नियंत्रकाचा खून केला. शेजारच्या खोलीत माहिती होती आणि ती देता आली नाही, याहून बोलके उदाहरण या विषयात नाही. यंत्र आणि नियंत्रक यांची आज्ञा परस्परविरुद्ध असेल तर यंत्राचे ऐकावे, हा नियम यानंतर निःसंदिग्ध झाला.

अशा पार्श्वभूमीवर पुढची गोष्ट धाडसाची वाटेल. वर हवा विरळ होत जाते तसा उंचीमापकाचा अचूकपणा घटतो, म्हणून २९,००० फुटांच्या वर हजारांऐवजी दोन हजार फुटांचे अंतर राखले जाई. त्या काळी २९० पासून ४१० पर्यंत सातच मजले वापरता येत : पूर्वेकडे २९०, ३३०, ३७०, ४१०, पश्चिमेकडे ३१०, ३५०, ३९०. वर सांगितलेला सम-विषमाचा हिशेब त्या उंचीवर तेव्हा लागू नव्हता. उपकरणे सुधारल्यावर १९९७ मध्ये उत्तर अटलांटिकवर हे अंतर पुन्हा हजार फुटांवर आणले गेले. आपल्या आकाशात तो दिवस उजाडला २७ नोव्हेंबर २००३ रोजी. सात मजल्यांचे तेरा झाले. रिकामा राहणारा ३६० चा मजला त्या दिवसापासून वापरात आला.

विमानांना अधिक वाट मिळाली, इंधन वाचले. पण मजले दाटले आणि प्रत्येक निरोपाची किंमत दुप्पट झाली. पूर्वी चुकून हजार फुटांनी भरकटलेल्या विमानाला दुसरे विमान भेटत नसे, मध्ये आणखी हजार फूट शिल्लक असत. आता ती शिल्लक उरली नाही. म्हणून या मजल्यांत शिरायचे तर विमानाकडे दोन स्वतंत्र उंचीमापन यंत्रणा, उंची आपोआप धरून ठेवणारा ऑटोपायलट आणि ठरल्या उंचीवरून ढळताच इशारा देणारे यंत्र असावेच लागते. ज्याच्याकडे ते नाही त्याने साधारणपणे २९० च्या खाली राहायचे.

आता या इमारतीच्या तळमजल्याकडे येऊ, कारण बारामतीचा खरा संबंध तेथे आहे. बारामतीच्या धावपट्टीवर वैमानिक घडवणारे प्रशिक्षण चालते. सेसना १५२ सारखी दोन आसनांची लहान विमाने दिवसभर धावपट्टीभोवती घिरट्या घालतात, आणि पुढच्या टप्प्यावरचे विद्यार्थी एकट्याने दूरच्या गावी जाऊन परत येतात. त्यांचे वैमानिक रडारवर विसंबून नसतात, डोळ्यांनी पाहत उडतात. त्यांच्या उंचीची वाटणीही दिशेवरूनच होते, फक्त पाचशे फुटांच्या फरकाने : पूर्वेकडे ५,५००, पश्चिमेकडे ४,५०० किंवा ६,५००. त्यामुळे डोळ्यांनी उडणारा आणि उपकरणांवर उडणारा एका मजल्यावर येत नाहीत.

येथे शेजारी मात्र मोठे आहेत. बारामतीपासून जेमतेम पंच्याऐंशी किलोमीटरवर पुण्याचे लोहगाव, १९३९ पासूनचा लष्करी विमानतळ. तेथे उतरणाऱ्या नागरी विमानांचे नियंत्रणही वायुदलाचे नियंत्रक करतात. म्हणजे या दोन तालुक्यांच्या भोवतालच्या आकाशात तीन वेगळी घरे नांदतात : वर मुंबईचे नागरी नियंत्रक, वायव्येस वायुदल, आणि खाली मुंबई-पुण्यासारखी नियंत्रण व्यवस्था नसलेली छोटी धावपट्टी, जेथे वैमानिक आपला ठावठिकाणा आणि उंची समान कंप्रतेवर बोलून एकमेकांस कळवतात. चरखी दादरीचा इतिहास ठाऊक असलेल्याला नागरी आणि लष्करी आकाशाची ही शीव पाहिली की दिल्लीची ती अरुंद वाट आठवल्यावाचून राहत नाही. फरक इतका की आता प्रवासी विमानाची उंची पडद्यावर आकड्यांत उमटते.

तळमजल्यावरचे अपघात बहुधा टकरीचे नसतात. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले एक शिकाऊ सेसना इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. एकट्याने उड्डाण करणारी प्रशिक्षणार्थी जखमी झाली, पण वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ काही दिवसांच्या अंतराने आणखी दोन शिकाऊ विमाने पडली. त्यांची कारणे निराळ्या चौकशीचा विषय आहेत. पण याच धावपट्टीवर शिकणारी मुले उद्या ३६० लेव्हलवरून याच तालुक्यांवर येणार असतात, आणि येथे पहिल्या काही दिवसांत त्यांच्याकडून जी सवय घोटून घेतली जाते ती फार साधी असते : दिलेली उंची जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. नियंत्रकाने आकडा सांगायचा, वैमानिकाने तो उच्चारायचा, नियंत्रकाने पुन्हा कान देऊन ऐकायचा. याला रीडबॅक म्हणतात. झाग्रेब आणि दिल्ली या दोन्ही प्रकरणांत भाषेची अडचण होती. आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरच्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना इंग्रजीची ठरावीक पातळी सक्तीची करणारा आंतरराष्ट्रीय नियम मात्र २००८ मध्ये अमलात आला. तोवर झाग्रेबला बत्तीस वर्षे होऊन गेली होती.

सोलापूरच्या दिशेने ५,५०० फुटांवर निघालेला विद्यार्थी इंदापूर ओलांडतो, तेव्हा त्याच्या तीस हजार फूट वर कोणीतरी हैदराबादहून येत असते. त्या वरच्या वैमानिकाला उतरण्याची परवानगी मिळते. तो आकडा परत म्हणतो, नियंत्रक ऐकतो, आणि विमान ३६० सोडते.